कोणते श्री?

आमच्या घरात कोऱ्या कागदाचा पहिला मान श्रींचा. लग्नपत्रिका वगैरे सोडाच, वाण्याच्या यादीतसुद्धा 'तूरडाळ १ किलो'च्या डोक्यावर मधोमध 'श्री' असायचा. वडील दुधाचे खाडे कॅलेंडरच्या मागे लिहायचे, तेही श्री काढून. खाड्यात शुभ ते काय, असं विचारायची पद्धत नव्हती. त्यामुळे मी पहिल्यांदा पेनड्राइव्हवरून चालणारी लिनक्सची इमेज तयार केली आणि प्रोग्रॅमने विचारलं, 'व्हॉल्यूम लेबल?', तेव्हा माझा हात डोक्याला न विचारताच चालला. इंग्रजी कॅपिटलमध्ये पाच अक्षरं: श्री. एंटर.

दुसऱ्या इमेजलाही श्री. तिसरीलाही श्रीच, कारण दोन भावंडांना एक नाव आणि तिसऱ्याला भलतंच, हे बरं दिसत नाही. होता होता चहाच्या रिकाम्या डब्यात चार पेनड्राइव्ह साठले आणि चारही श्री. मला ते ओळखू यायचे. एकाला टोपण नव्हतं, एकावर नेलपॉलिशचा ठिपका होता, एक कुणीतरी दिवाळीला वाटलेला होता आणि चौथा म्हणजे जो उरतो तो. माणसाला एवढं पुरतं. कॉम्प्युटरला नेलपॉलिश दिसत नाही, हे माझ्या लक्षात यायला एक अख्खा रविवार जावा लागला.

नातेवाइकांचे म्हातारे लॅपटॉप चालते करून देणं हा माझा उद्योग. तो मी पैशासाठी करत नाही हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे तो जोरात चालतो. ह्या लाइव्ह इमेजची गंमत अशी की लॅपटॉपमधल्या डिस्कला हातही न लावता सगळी यंत्रणा पेनड्राइव्हवरून उठते. पाहुण्याने आपलं अंथरूण-पांघरूण बरोबर घेऊन यावं तसं. यजमानाला काही मागायचं नाही, जाताना काही ठेवायचं नाही.

तर त्या रविवारी चिंचवडहून मेव्हणा आला. काखेत लॅपटॉप, चेहऱ्यावर तक्रार. मी आदल्याच आठवड्यात नवी इमेज तयार केली होती. नवा कर्नल (लिनक्सचा गाभा), नवे ड्रायव्हर, शिवाय हौस म्हणून वॉलपेपरही बदललेलं. जुन्या इमेजवर राजगडाची संजीवनी माची होती, नव्या इमेजवर हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा टाकला होता. लॅपटॉपच्या उजव्या बाजूला नवा पेनड्राइव्ह लावला, एफ१२ दाबलं. मेनूत यूएसबीच्या दोन ओळी दिसल्या. दुसरी कार्ड रीडरची असेल म्हणून सोडली आणि नव्या पेनड्राइव्हची ओळ निवडली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावली, नव्या कर्नलचा आकडा डोळ्यांसमोरून गेला, मी खुर्चीत मागे रेललो आणि पडद्यावर संजीवनी माची अवतरली.

तीही धड नाही. ताणलेली, भुरकट, एवढा मोठा बुरूज चौकोनी ठोकळ्यासारखा.

'वॉलपेपर बदलायचं राहिलं वाटतं,' मी म्हणालो. माणसाचं मन किती तत्परतेने स्वतःला दोष देतं बघा. म्हणजे खरा दोष कुठे आहे ते शोधायला नको.

वायफाय दिसेना. आवाजही येईना. मी राउटर बंद करून चालू केला. मेव्हण्याने तो पुन्हा बंद करून चालू केला, कारण मी नीट केला नसेल. मग मी लॅपटॉपच्या वायफाय कार्डाच्या वयाबद्दल चार शब्द बोललो. त्यावर तो म्हणाला, 'दाजी, मागच्या वेळेला तुम्ही बसवून दिलंत तेव्हा तर चालत होतं.' ह्या वाक्याला आजवर कुठल्याही कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला उत्तर सापडलेलं नाही.

अर्ध्या तासाने बायको पोह्यांच्या ताटल्या घेऊन आली. तिने ताटल्या ठेवल्या, लॅपटॉपकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, 'अहो, हे दोन-दोन कशाला लावलेत?'

डाव्या बाजूला, मागच्या कोपऱ्यात, पार आत बसलेला, मागच्या वेळी मीच दिलेला बिनटोपणाचा श्री. मेव्हण्याने तो काढलाच नव्हता. 'मला वाटलं, तो लॅपटॉपचाच भाग आहे,' तो म्हणाला. आठ महिने.

आता झालं काय ते सांगायला हवं, कारण ह्यात लॅपटॉपची काही चूक नव्हती. मी सांगितलं ते त्याने तंतोतंत केलं होतं, आणि यंत्राच्या बाबतीत याहून वाईट काही घडू शकत नाही. कॉम्प्युटर एका दमात उठत नाही. आधी मदरबोर्डवरचा फर्मवेअर जागा होतो. तो पेनड्राइव्हवरच्या ग्रब नावाच्या प्रोग्रॅमला हाक मारतो. ग्रब कर्नल आणि त्याच्याबरोबरचं एक लहान गाठोडं मेमरीत आणून ठेवतो आणि बाजूला होतो. इथपर्यंत आपण कोणत्या पेनड्राइव्हवर आहोत याचा कुणालाही संशय नसतो. पण कर्नल सुरू झाला की आपण कुठल्या दारातून आत आलो हे त्याला आठवत नाही. मेळ्यात हरवलेल्या पोरासारखा तो उभा असतो आणि हातात एक चिठ्ठी असते: 'श्री नावाची डिस्क शोध. बाकीचं घर तिच्यावर आहे.' तो पोर्टांवरून फिरतो आणि श्री नावाचा जो पहिला भेटेल त्याचा हात धरून त्याच्या घरी जातो.

त्याला जुना श्री आधी भेटला. म्हणजे डोकं नव्या इमेजचं आणि धड जुन्या इमेजचं. कर्नलला लागणारे ड्रायव्हर त्याच्याच आवृत्तीचे असावे लागतात. नवा कर्नल जुन्या घरात जाऊन आपल्या नावाचं कपाट शोधत होता आणि तिथे फक्त जुन्याचं कपाट होतं. म्हणून वायफाय नाही, आवाज नाही, चित्र भुरकट. एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडाला बसवणं गणपतीच्या बाबतीत जमलं, पण तिथे बसवणारे शंकर होते.

आपल्याकडे एका नावाची दोन माणसं असणं ही अडचण कधी वाटलेलीच नाही. आमच्या इमारतीत जोशी तीन. कुरिअरवाला खालून ओरडतो, 'जोशी!' आणि तिन्ही खिडक्यांतून एकच आवाज येतो, 'कोणते?' ह्या एका शब्दावर अख्ख्या महाराष्ट्राचा व्यवहार चाललेला आहे. गावांचंही तेच. पुण्याच्या आसपास वडगाव किती, तर बुद्रुक, खुर्द, शेरी, मावळ. वाडवडिलांना नवं नाव सुचलं नाही असं नाही, त्यांना गरजच वाटली नाही. फारसीतून बुद्रुक आणि खुर्द आणले, थोरलं आणि धाकटं, आणि प्रश्न मिटवला. संगणकाला हे 'कोणते?' विचारता येत नाही, एवढीच त्याची खोट. म्हणजे विचारता आलं असतं, पण करणाऱ्यांनी ती सोय केली नाही. लिनक्समध्ये नावावरून डिस्क सापडावी म्हणून पाट्यांचं एक फोल्डर असतं आणि त्यात एका नावाला पाटी एकच. दोन श्री आले की एकाची पाटी लागते, दुसऱ्याची पडते. ना तंटा, ना सूचना, ना 'साहेब, इथे दोघे आहेत'.

हा घोळ माझ्यासारख्या हौशी माणसांपुरता आहे असं समजू नका. जुन्या रेड हॅटमध्ये इन्स्टॉलर मुख्य पार्टिशनला जे लेबल द्यायचा ते होतं एक तिरकी रेघ. बस. लिनक्समध्ये मुळाला तिरकी रेघ म्हणतात, म्हणून लेबलही तिरकी रेघ. घराचं नाव 'घर'. आता अशा दोन मशीनपैकी एकीची डिस्क काढून दुसरीत लावली की दोघीही म्हणणार, मीच घर. त्याच मशीनवर दुसऱ्यांदा इन्स्टॉल केलं तर मात्र इन्स्टॉलरला आधीची रेघ दिसायची आणि तो नव्या पार्टिशनला रेघेपुढे १ असा आकडा लावायचा. म्हणजे बुद्रुक-खुर्द अमेरिकेतही पोचलं होतं.

त्याही आधी डिस्कांना नावं लागतच नव्हती. एचडीए म्हणजे पहिल्या केबलवरची पहिली, एचडीबी म्हणजे त्याच केबलवरची दुसरी. वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखं, जागेवरून ओळख. यूएसबी आलं आणि वाड्याची धर्मशाळा झाली. आधी येईल तो ए, नंतरचा बी, उद्या उलट. मग उपाय निघाला यूयूआयडीचा. उबंटूने २००६ च्या ऑक्टोबरातल्या आवृत्तीपासून तो धरला. लिनक्सच्या प्रत्येक फाइलसिस्टिमला, म्हणजे डिस्कवरच्या फायलींच्या मांडणीला, जन्मतःच एक १२८ बिटांचा क्रमांक. लिहायला ३६ अक्षरं, त्यांत चार आडव्या रेघा. जगात दुसऱ्याचा तोच असण्याची शक्यता इतकी कमी की तिचा विचार करण्यात वेळ घालवू नये. फक्त हा क्रमांक एकदा फोनवरून पुतण्याला सांगून बघा. अकराव्या अक्षराला 'काका, डी फॉर डमरू का?' असं येतं आणि पुन्हा पहिल्यापासून.

फॅट ही फाइलसिस्टिम असलेल्या पेनड्राइव्हचं त्याहून मजेशीर. त्याला एवढा मोठा क्रमांक परवडत नाही, त्याचा क्रमांक आठ अक्षरांचा. आणि तो बहुधा काढला जातो कशावरून? तर फॉरमॅट केल्याची तारीख आणि वेळ यांवरून. जन्मवेळेवरून मांडलेली पत्रिकाच ती. आणि ज्याचं नावच ठेवलं नाही अशा फॅट डिस्कच्या नावाच्या घरात इंग्रजीत काय लिहिलेलं असतं माहीत आहे? 'नो नेम'. बारशालाच 'निनावी' असं नाव ठेवणारी ही एकच जात.

मग मी यूयूआयडी का नाही वापरला? वापरला ना. त्याचीही कथा आहे आणि ती पहिलीहून लाजिरवाणी आहे.

मी सोसायटीचा खजिनदार आहे. हिशेब एका रास्पबेरी पायवर ठेवतो. पत्त्यांच्या कॅटाएवढा तो कॉम्प्युटर आहे आणि मेमरी कार्डावर चालतो. कार्डं खराब होतात म्हणून मी एक एसएसडी आणली आणि कार्डाची हुबेहूब प्रत तिच्यावर उतरवली. डीडी नावाची आज्ञा आहे. ती काही समजून घेत नाही, पहिल्या बिटापासून शेवटच्या बिटापर्यंत उतरवून काढते. परीक्षेत पुढच्याचा पेपर उतरवताना त्याचा नंबरसुद्धा उतरवणारा मुलगा जसा, तशी. माझ्या प्रतीत लेबल तेच आलं, यूयूआयडी तोच आला, डिस्कची सहीही तीच आली. जगात दुसरा सापडणार नाही असा जो क्रमांक, तो माझ्या टेबलावर दोनदा होता.

आणि कार्ड मी काढलं नाही. मेव्हण्याला हसणारा मीच. पाय आधी कार्ड बघतो, मग यूएसबी. तीन आठवडे मी एसएसडीवर काम करतोय अशा समजुतीने कार्डावर हिशेब लिहीत होतो. 'काय वेग आलाय बघा,' असंही चार जणांना सांगून झालं होतं. मग भाच्याच्या मुंजीच्या आदल्या दिवशी कॅमेऱ्याला कार्ड हवं होतं. मी ते रिकामं पडलंय असं समजून काढलं आणि फॉरमॅट केलं. दुसऱ्या दिवशी पाय एसएसडीवरून उठला, अगदी निरोगी, फक्त तीन आठवड्यांनी तरुण होऊन. बावीस बिऱ्हाडांची मेंटेनन्सची नोंद गेली. मुंजीचे फोटो मात्र छान आले.

जुळ्यांच्या बाबतीत ज्याचा त्याचा स्वभाव कळतो. विंडोज हा सोसायटीच्या कडक सेक्रेटरीसारखा. एकाच सहीच्या दोन डिस्का दिसल्या की दुसरीला सरळ 'ऑफलाइन' करून बाहेर बसवतो. लिनक्सच्या फाइलसिस्टिमांपैकी एक्सएफएस दारातच अडवतो. ह्या क्रमांकाचे एक आत बसलेत, तुम्ही कोण? बीटीआरएफएसला मात्र एकच क्रमांक अनेक डिस्कांवर असणं सवयीचं आहे, कारण त्याची एक फाइलसिस्टिम मुळातच चार डिस्कांवर पसरू शकते. त्यामुळे त्याला प्रत दिसली की तो ती घरचीच धरून चालतो आणि काय कुठे लिहिलं जाईल याचा भरवसा उरत नाही. कडक माणसं आपल्याला आवडत नाहीत, पण नुकसान बहुतेक वेळा प्रेमळ माणसांच्या हातून होतं.

परत त्या रविवारी येऊ. पोहे गार झाले होते. मी मान खाली घालून ते संपवले आणि ताटलीच्या काठावर टिंबाटिंबांनी कोरलेलं दिसलं: 'चि. सौ. कां. हिस मावशीकडून सप्रेम भेट, दि. ९-५-९१'. भांड्यांच्या दुकानात तो नाव घालणारा माणूस ते छोटं यंत्र घर्र्र करत फिरवतो, त्याचं काम. आमच्या लग्नात तीन मावश्यांनी एकाच दुकानातून एकाच मापाच्या ताटल्या दिल्या. पण पस्तीस वर्षांत कुठली ताटली कुणाची, हा वाद झालेला नाही, कारण एकीवर केळवणाची तारीख, एकीवर लग्नाची, आणि एकीवर पूजेची. तारीख! मी लॅपटॉपसमोर अर्धा तास बसून ज्यासाठी डोकं खाजवत होतो ते सासरच्या स्टीलवर कोरलेलं होतं.

मागाहून पाहिलं तर आर्च लिनक्सवाल्यांनी मावशीचाच मार्ग धरलेला. त्यांच्या इमेजचं लेबल म्हणजे आर्च, खाली एक रेघ, मग वर्ष आणि महिना. अक्षरं मोजली तर बरोबर अकरा. हा अकराचा आकडा योगायोगाचा नसावा. फॅटच्या लेबलात मावतात तेवढीच. आयएसओ इमेजच्या लेबलात ३२ मावतात. त्या ऐसपैस जागेत ठेवलेलं लांबलचक नाव फॅटवाल्या पेनड्राइव्हवर आलं की त्याचे पाय पलंगाबाहेर जातात.

ते मला लगेच कळलं असं नाही. त्याच रात्री मी उत्साहात दोन इमेजना इंग्रजी अक्षरांत नावं दिली, 'श्री घरचा नवा' आणि 'श्री घरचा जुना'. पेनड्राइव्ह तयार करणाऱ्या साधनाने ती अकराव्या अक्षराला कापली. दोन्ही पेनड्राइव्हवर 'श्री घर' आणि पुढे चाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एकटा सी. नवा-जुना हा सगळा भेद कापल्यानंतरच्या भागात होता. जे सांगायचं ते आधी सांगावं, हे मला आयुष्यात बायकोखेरीज फक्त फॅटने शिकवलं आहे.

मग वाटलं, इंग्रजी हवं कशाला? लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइलसिस्टिमला मराठी चालतं. चालतं, पण जागा १६ बाइटची आणि देवनागरीतली प्रत्येक खूण तीन बाइट खाते. मात्रा वेगळी, काना वेगळा, हलन्त वेगळा, सगळ्यांचं भाडं वेगळं. म्हणजे खुणा पाच. 'माहेर' बसतं, अगदी काठोकाठ, पंधरा बाइट. 'सासर' बसतं. 'आजोळ' बसतं. 'सासूबाई' मात्र मावत नाहीत. त्यांचं 'सासूब' होतं आणि पुढे एका अक्षराचा फुटका तुकडा राहतो, जो पडद्यावर प्रश्नचिन्हासारखा दिसतो. हे मी बायकोला दाखवलं नाही.

शेवटी ठरलं. श्री सुटणार नाही, पण मागे वर्ष आणि महिना. इंग्रजी पाच अक्षरं आणि सहा आकडे, अकरा. मध्ये रेघेलासुद्धा जागा नाही. चारही पेनड्राइव्ह पुन्हा लिहिले, वेगवेगळ्या महिन्यांचे. डीडीने प्रत काढली की तिचं लेबल आणि यूयूआयडी दोन्ही तिथल्या तिथे बदलायचं, आणि बदलून होईपर्यंत दोन्ही डिस्का एका मशीनला लावून उठायचं नाही, असा कागदही टेबलासमोर चिकटवला. वर मधोमध श्री.

मेव्हण्याला नवा पेनड्राइव्ह दिला, जुना काढून घेतला, वायफाय लागलं, कोकणकडा दिसला. तो खूश होऊन गेला. आठवड्याने त्याचा फोन.

'दाजी, एकदम मस्त चाललंय. आमच्या ऑफिसात पाच जणांना पाहिजे होतं, म्हणून मी तुमच्या पेनड्राइव्हच्या पाच कॉप्या काढल्या. ती डीडी का काय ती नेटवर मिळाली. हुबेहूब!'

मी म्हणालो, 'अरे, नाव बदललंस ना प्रत्येकाचं?'

'छे छे,' तो म्हणाला, 'तुम्ही श्री घातलंय, त्याला मी कशाला हात लावू?'